डायपोल अँटेनाची फीडलाइनशी जुळणी

डायपोल अँटेनाची फीडलाइनशी जुळणी म्हणजे हौशी रेडिओ केंद्रातील डायपोल अँटेनाचा संरोध आणि त्या अँटेनाला रेडिओसंचाशी जोडणाऱ्या वाहिनीचा लाक्षणिक संरोध यांत मेळ घालणे होय. संरोध, अर्थात इम्पीडन्स, ही प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाची राशी असून ती ओहम या एककात मोजतात. दोन्ही संरोध समान असले, तर वाहिनीतून आलेली सर्व ऊर्जा अँटेना स्वीकारतो. ते असमान असले, तर ऊर्जेचा काही भाग जोडबिंदूपासून परावर्तित होऊन मागे फिरतो, वाहिनीत स्थिर तरंग निर्माण होतात व वाहिनीतील ऊर्जाक्षय वाढतो.

जुळणीचे व्यावहारिक महत्त्व दोन कारणांनी आहे. आधुनिक रेडिओसंच ५० ओहमच्या भारासाठी बनवलेले असतात. भार याहून फार वेगळा असल्यास अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी संच स्वतःची शक्ती आपोआप कमी करतो. दुसरे असे, की हौशी केंद्राची शक्ती मर्यादित असल्याने केबलमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया गेलेला प्रत्येक वॅट संदेशाचा पल्ला व स्पष्टता कमी करतो. नैसर्गिक आपत्तीत तात्पुरत्या उभारलेल्या केंद्राच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरू शकतो. मात्र चांगली जुळणी म्हणजे चांगला अँटेना असे समीकरण मांडता येत नाही. जुळणी ऊर्जेच्या देवाणघेवाणीविषयी सांगते. ती ऊर्जा अवकाशात किती प्रमाणात व कोणत्या दिशेने प्रक्षेपित होते, हे जुळणीवरून कळत नाही.

पार्श्वभूमी

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास कार्ल्सरूह येथे विद्युतचुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. त्यांनी वापरलेला, मध्यभागी ठिणगीची फट असलेला दोन भुजांचा प्रक्षेपक हा डायपोलचा पहिला नमुना होय. त्याच काळात इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारायंत्राच्या वाहिन्यांचा गणिती सिद्धांत विकसित केला. इम्पीडन्स ही संज्ञा त्यांनीच १८८६ मध्ये रूढ केली.

सुरुवातीचे हौशी रेडिओचालक प्रामुख्याने दोन समांतर तारांची उघडी वाहिनी वापरत. १९२९ मध्ये अमेरिकेतील लोरेन विंडम यांनी मध्यबिंदूपासून दूर एकाच तारेने ऊर्जा पुरवलेल्या अँटेनाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार आजही बदललेल्या स्वरूपात वापरात आहे. १९३९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फिलिप स्मिथ यांनी वाहिनीवरील संरोधाचे गणित आलेखाने सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा आलेख स्मिथ आलेख या नावाने ओळखला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर समाक्ष केबल, म्हणजेच बोलीतील कोॲक्स, हौशी चालकांना सहज मिळू लागली. त्या काळातील निर्वात नलिकांच्या प्रेषकांत अंतिम टप्प्याला जुळवून घेणारे मंडल असे. त्यामुळे चालकाला दोन बटणे फिरवून बऱ्याच वेगवेगळ्या भारांशी संच जुळवता येई. ट्रान्झिस्टरवर चालणारे, ५० ओहमवर स्थिर असलेले संच रूढ झाल्यावर ही मुभा गेली आणि अँटेनाची जुळणी हा प्रत्येक चालकाचा प्रश्न बनला.

डायपोलचा संरोध

अर्धतरंग डायपोल म्हणजे तरंगलांबीच्या जवळपास निम्म्या लांबीची, मधोमध तोडलेली तार. तोडलेल्या जागी फीडलाइनची दोन टोके जोडतात. विद्युतप्रवाह मध्यभागी सर्वाधिक व टोकांशी जवळजवळ शून्य असतो. व्होल्टता याच्या उलट, टोकांशी सर्वाधिक असते. संरोध हे व्होल्टता व प्रवाह यांचे गुणोत्तर असल्याने तो मध्यभागी कमी व टोकांकडे वाढत जातो.

संरोधाचे दोन घटक असतात. पहिला घटक रोध होय. प्रक्षेपित होणारी ऊर्जा मंडलाच्या दृष्टीने एखाद्या रोधात खर्च झाल्यासारखीच भासते, म्हणून त्यातील मुख्य भागाला प्रक्षेपण रोध म्हणतात. दुसरा घटक रिॲक्टन्स होय. हा घटक ऊर्जा खर्च करत नाही, ती क्षणभर साठवून परत करतो. मोकळ्या अवकाशातील, बारीक तारेच्या, बरोबर अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा रोध सुमारे ७३ ओहम व प्रवर्तनी रिॲक्टन्स सुमारे ४२.५ ओहम असतो. तारेची लांबी थोडी कमी केली, की रिॲक्टन्स शून्य होतो. या अवस्थेला अनुस्पंदन म्हणतात.

लांबी

अनुस्पंदनासाठी तारेची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या सुमारे ९५ टक्के ठेवावी लागते. यावरून पुढील व्यावहारिक सूत्र प्रचलित आहे :

डायपोलची एकूण लांबी (मीटर) = १४३ ÷ वारंवारता (मेगाहर्ट्झ)

७.१ मेगाहर्ट्झसाठी हे उत्तर सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजेस सुमारे १०.०७ मीटर येते. हे सूत्र केवळ आरंभबिंदू देते. तारेची जाडी, जमिनीपासूनची उंची, जवळच्या धातूच्या वस्तू यांनुसार लांबी बदलते. तारेवर प्लास्टिकचे आवरण असल्यास ती आणखी काही टक्के कमी भरते. म्हणून तार आधी थोडी जास्त लांब ठेवून नंतर कापत जाण्याची प्रथा आहे.

उंची व आकार

जमिनीवरून परावर्तित होणारे तरंग अँटेनात पुन्हा प्रवाह निर्माण करतात. त्यामुळे उंचीप्रमाणे प्रक्षेपण रोध ७३ ओहमच्या कमीजास्त होत राहतो. आदर्श वाहक जमिनीवर तो सुमारे एक तृतीयांश तरंगलांबीच्या उंचीवर ९० ओहमच्या वर जातो, अर्ध्या तरंगलांबीच्या उंचीवर पुन्हा ७० ओहमच्या आसपास येतो आणि फार कमी उंचीवर झपाट्याने उतरतो. प्रत्यक्ष मातीत मात्र फार कमी उंचीवर जमिनीतील ऊर्जाक्षयाचा रोध त्यात मिसळतो. अशा वेळी मोजलेला संरोध ५० ओहमच्या जवळ आला, तरी त्यातील मोठा वाटा जमीन तापवण्यात जात असतो.

डायपोलचा मध्यबिंदू एका खांबावर उंच बांधून दोन्ही भुजा खाली उतरत्या ठेवल्यास उलट्या व्ही अक्षराचा आकार होतो. भुजांमधील कोन ९० ते १२० अंशांच्या दरम्यान असताना संरोध ५० ओहमच्या आसपास येतो. एकच खांब लागतो व जुळणीही सुधारते, म्हणून शहरांतील गच्च्यांवर ही मांडणी लोकप्रिय आहे. मात्र गच्चीच्या काँक्रीटमधील लोखंडी सळ्या, पाण्याच्या टाक्यांचे नळ व कठडे यांचा परिणाम गणितात धरता येत नाही. तो जागेवर मोजूनच समजतो.

फीडलाइनचे प्रकार

वाहिनीचा लाक्षणिक संरोध तिच्या लांबीवर अवलंबून नसतो. तो वाहकांचे आकारमान, त्यांतील अंतर व मधला विसंवाहक पदार्थ यांवर ठरतो. त्यामुळे ५० ओहमच्या केबलचा तुकडा एक मीटरचा असो वा शंभर मीटरचा, तिचा लाक्षणिक संरोध ५० ओहमच राहतो.

समाक्ष केबलमध्ये मधली तार व तिच्याभोवतीची जाळी असे दोन वाहक असतात. मध्ये हवा असलेल्या समाक्ष वाहिनीत सर्वांत कमी ऊर्जाक्षय सुमारे ७७ ओहमला, तर सर्वाधिक शक्ती वाहण्याची क्षमता सुमारे ३० ओहमला मिळते. ५० ओहम हे या दोहोंमधील तडजोडीचे मूल्य मानले जाते. आरजी-५८ ही बारीक व आरजी-२१३ ही जाड केबल हौशी केंद्रांत आढळते. ७ मेगाहर्ट्झला ३० मीटर लांबीच्या आरजी-५८ मध्ये सुमारे १ डेसिबल क्षय होतो, म्हणजे प्रेषकातून निघालेल्या १०० वॅटपैकी सुमारे ७९ वॅट पलीकडे पोहोचतात. आरजी-२१३ मधील क्षय याच्या साधारण निम्मा असतो.

केबल टीव्हीसाठी वापरली जाणारी आरजी-६ ही केबल ७५ ओहमची असते. तिचा संरोध डायपोलच्या ७३ ओहमशी जवळजवळ जुळतो, ऊर्जाक्षय आरजी-५८ पेक्षा कमी असतो व ती सर्वत्र मिळते. तिची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असल्याने तिला सोल्डर धरत नाही, म्हणून दाबून बसवायचे कनेक्टर वापरावे लागतात.

समांतर तारांच्या वाहिनीचा लाक्षणिक संरोध सामान्यतः ३०० ते ६०० ओहम असतो. शिडीसारख्या दिसणाऱ्या उघड्या वाहिनीत दोन तारांमध्ये मुख्यतः हवा असल्याने क्षय फारच कमी होतो. मात्र ती धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवावी लागते. प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेल्या प्रकाराचे गुणधर्म पावसात भिजल्यावर बदलतात. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दशकांत घराघरांच्या छपरांवरील अँटेनापासून खाली येणारी चपटी पट्टी ही ३०० ओहमची समांतर वाहिनीच होती.

विजोड जोडणीचे परिणाम

वाहिनी व भार यांचे संरोध असमान असल्यास भारापाशी तरंगाचा काही अंश मागे फिरतो. पुढे जाणारा व मागे येणारा तरंग यांच्या मिश्रणाने वाहिनीवर ठराविक अंतरांवर व्होल्टतेची उच्चतम व नीचतम स्थाने तयार होतात. या दोन व्होल्टतांच्या गुणोत्तराला स्थिर तरंग गुणोत्तर म्हणतात. चालकांच्या बोलण्यात ते एसडब्ल्यूआर या नावाने येते. भार केवळ रोध असल्यास हे गुणोत्तर दोन संरोधांपैकी मोठ्याला लहानाने भागून मिळते. ७३ ओहमचा डायपोल ५० ओहमच्या केबलला जोडल्यास ते १.४६ येते.

एसडब्ल्यूआर आणि भारापाशी परावर्तित होणारी शक्ती यांचा संबंध पुढीलप्रमाणे आहे :

१.० : ० टक्के
१.५ : ४ टक्के
२.० : ११ टक्के
३.० : २५ टक्के
५.० : ४४ टक्के

परावर्तित शक्ती सर्वस्वी वाया जाते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. प्रेषकाच्या बाजूला जुळणी करणारे मंडल असल्यास मागे आलेली ऊर्जा तेथून पुन्हा अँटेनाकडे वळते. क्षयरहित वाहिनीवर एसडब्ल्यूआर ३ असताना १०० वॅटच्या प्रेषकाला मंडलाने जुळवून घेतले, तर मंडलापलीकडचा मीटर पुढे जाणारी शक्ती सुमारे १३३ वॅट व परतणारी सुमारे ३३ वॅट दाखवतो. दोहोंतील फरक, म्हणजे १०० वॅट, अँटेनाला मिळतो. अमेरिकेतील वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७० च्या दशकात लिहिलेल्या लेखमालेने ही बाब हौशी चालकांपुढे सविस्तर मांडली.

खरे नुकसान होते ते वाहिनीतील क्षयामुळे. ऊर्जा वाहिनीतून अनेकदा ये-जा करते आणि प्रत्येक फेरीत तिचा काही भाग उष्णतेत जातो. वर उल्लेखिलेल्या १ डेसिबल क्षयाच्या केबलवर अँटेनापाशी एसडब्ल्यूआर १.४६ असल्यास अतिरिक्त क्षय ०.१ डेसिबलहूनही कमी असतो. ऐकणाऱ्याला तो जाणवणे शक्य नाही. एसडब्ल्यूआर ३ असल्यास एकूण क्षय सुमारे १.५ डेसिबल होतो. हा फरकही मोठा नाही. म्हणून ७ मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेवर १.५ चे गुणोत्तर १ वर आणण्यासाठी केलेल्या खटाटोपातून फारसे हाती लागत नाही. उच्च वारंवारतांवर व लांब केबलवर मूळ क्षयच अधिक असल्याने तेथे अँटेनापाशीच काटेकोर जुळणी करणे आवश्यक ठरते.

जुळणीच्या पद्धती

लांबी, उंची व कोन बदलणे : ही सर्वांत साधी पद्धत होय. लांबी बदलून प्रामुख्याने रिॲक्टन्स शून्यावर आणता येतो. उंची व भुजांमधील कोन बदलून मुख्यतः रोध बदलता येतो. एका पट्ट्यावरील साध्या डायपोलला बहुधा याहून अधिक काही लागत नाही.

दुमडलेला डायपोल : डायपोलच्या तारेला समांतर तितक्याच लांबीची दुसरी तार लावून दोन्हींची टोके जोडतात व पहिलीच्याच मध्यबिंदूला ऊर्जा पुरवतात. एकूण प्रवाह दोन तारांत सारखा विभागला जातो, म्हणून तितक्याच शक्तीसाठी जोडबिंदूवरील प्रवाह निम्मा होतो व संरोध चौपट, म्हणजे सुमारे २९२ ओहम होतो. ही रचना ३०० ओहमच्या वाहिनीशी थेट जुळते. टीव्हीच्या यागी-उडा अँटेनात हाच घटक असे.

पाव तरंगलांबीची केबल : पाव तरंगलांबीचा वाहिनीखंड संरोधाचे रूपांतर करतो. त्या खंडाचा लाक्षणिक संरोध हा दोन्ही टोकांवरील संरोधांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असावा लागतो. उदाहरणार्थ, ७५ ओहमच्या केबलचा असा खंड ११२ ओहमच्या भाराचे ५० ओहममध्ये रूपांतर करतो. खंडाची लांबी काढताना केबलमधील तरंगाचा वेग लक्षात घ्यावा लागतो. घन पॉलिथिनच्या केबलमध्ये तो प्रकाशवेगाच्या सुमारे ६६ टक्के असतो. ७.१ मेगाहर्ट्झला अशा खंडाची लांबी सुमारे ७ मीटर भरते.

समांतर वेटोळे : डायपोलचा रोध ५० ओहमपेक्षा कमी असल्यास, जसे अनेक घटकांच्या यागी अँटेनात घडते, भुजा किंचित आखूड करून जोडबिंदूवर लहान वेटोळे किंवा केसांच्या पिनेसारखी वाकवलेली तार समांतर जोडतात. आखूड भुजांचा धारक रिॲक्टन्स व तारेचे प्रवर्तन यांच्या संयोगाने संरोध वाढून ५० ओहमवर येतो. गॅमा जुळणी, टी जुळणी व डेल्टा जुळणी या प्रकारांत फीडलाइन मध्यापासून काही अंतरावर जोडून योग्य संरोधाचा बिंदू साधला जातो.

मध्याबाहेर जोडणी : संरोध मध्याकडून टोकांकडे वाढत असल्याने जोडबिंदू एका बाजूस सरकवून तो हवा तितका वाढवता येतो. लांबीच्या सुमारे एक तृतीयांश अंतरावर जोडणी करून ४:१ रूपांतरक वापरल्यास एकच तार मूळ वारंवारता व तिच्या काही सम पटींवर चालते.

उघडी वाहिनी व ट्यूनर : अनेक पट्ट्यांवर एकच डायपोल वापरायचा असल्यास कमी क्षयाची समांतर वाहिनी संचाजवळ आणून तेथे बदलत्या कपॅसिटरांचे व वेटोळ्यांचे जुळणी मंडल बसवतात. त्याला ट्यूनर म्हणतात. या नावामुळे ट्यूनर अँटेनालाच सुधारतो, असा समज होतो. प्रत्यक्षात ट्यूनर संचाला हवा तो संरोध दाखवतो. त्याच्या पलीकडच्या वाहिनीवरील एसडब्ल्यूआर आहे तसाच राहतो. म्हणून तो कमी क्षयाच्या वाहिनीबरोबर समाधानकारक काम करतो. इंग्लंडमधील लुई व्हार्नी यांनी १९४६ मध्ये आखलेला व त्यांच्या संकेतचिन्हावरून जी५आरव्ही या नावाने प्रसिद्ध झालेला सुमारे ३१ मीटर लांबीचा अँटेना याच विचारावर आधारलेला असून त्यात समांतर वाहिनीचा ठराविक लांबीचा खंड असतो.

७ मेगाहर्ट्झसाठी कापलेला, समाक्ष केबलने जोडलेला डायपोल १४ मेगाहर्ट्झवर वापरू गेल्यास मध्यबिंदूचा संरोध हजारो ओहमपर्यंत जातो व केबलमधील क्षय फार वाढतो. २१ मेगाहर्ट्झवर मात्र तोच डायपोल तीन अर्धतरंगांचा होतो. मध्यभागी पुन्हा प्रवाहाचे शिखर येऊन संरोध कमी राहतो, म्हणून दोन पट्ट्यांवर एकच तार चालते.

समतोल आणि बॅलन

डायपोलच्या दोन्ही भुजा सारख्या असतात, म्हणजे तो समतोल असतो. समाक्ष केबलचे दोन वाहक मात्र सारखे नसतात. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठभागावरून वाहतो. त्यामुळे केबलची जाळी व्यवहारात दोन वाहकांसारखी वागते : आतला पृष्ठभाग व बाहेरचा पृष्ठभाग. जोडबिंदूवर पोहोचलेला प्रवाह एका भुजेबरोबरच जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही उतरू शकतो. तसे झाल्यास केबल स्वतःच अँटेनाचा तिसरा भाग बनते.

याची लक्षणे ओळखता येतात. केबलला हात लावताच मीटरचा काटा हलतो, मायक्रोफोनला झिणझिण्या येतात, जवळच्या संगणकात किंवा ध्वनिवर्धकात व्यत्यय येतो आणि घरातील उपकरणांचा गोंगाट ग्रहणात शिरतो. केबलची लांबी थोडी बदलल्यावर एसडब्ल्यूआर लक्षणीय बदलत असेल, तर तेही याच दोषाचे चिन्ह असते. कारण केवळ लांबी बदलल्याने, क्षयाचा अल्प परिणाम सोडल्यास, हे गुणोत्तर बदलत नाही.

यावर उपाय म्हणजे बॅलन. समतोल व असमतोल या अर्थांच्या दोन इंग्लिश शब्दांची अक्षरे जोडून हे नाव बनले आहे. १:१ प्रवाह बॅलन संरोध बदलत नाही. तो फक्त जाळीच्या बाहेरून वाहणाऱ्या प्रवाहाची वाट अडवतो. केबलवर फेराइटचे मणी ओवून, फेराइटच्या कड्यावर केबलचे वेढे देऊन किंवा जोडबिंदूजवळ केबलचीच गुंडाळी करून तो बनवता येतो. अशा रूपांतरकांचा पाया स्वित्झर्लंडमधील गुस्ताव्ह ग्वानेला यांच्या १९४४ मधील लेखाने घातला.

४० मीटर पट्ट्यावरील उदाहरण

भारतात हौशी रेडिओसाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना आवश्यक असतो. परवानाधारकांना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा ४० मीटर नावाने ओळखला जाणारा पट्टा उपलब्ध आहे. येथे तरंगलांबी सुमारे ४२ मीटर असल्याने तीन मजली इमारतीची उंची साधारण पाव तरंगलांबीएवढी होते. अशा उंचीवरील डायपोलचे बरेचसे प्रक्षेपण वरच्या दिशेने जाते व आयनांबरावरून परतून दिवसा काही शे किलोमीटरच्या परिसरात पोहोचते. जिल्ह्याजिल्ह्यांतील संपर्कासाठी व आपत्तीच्या काळात हा गुण उपयोगी पडतो. २००१ च्या भूज भूकंपात व २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात नेहमीची संपर्कसाधने कोलमडल्यावर हौशी चालकांनी संदेशवहनाचे काम केले होते.

जुळणीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. समजा, ७.१ मेगाहर्ट्झसाठी एकूण २०.६ मीटर तार चढवली आणि एसडब्ल्यूआर सर्वांत कमी ६.९५ मेगाहर्ट्झला मिळाला. तार लांब आहे, हे यावरून कळते. लांबी व अनुस्पंदनाची वारंवारता व्यस्त प्रमाणात असल्याने नवी लांबी २०.६ × ६.९५ ÷ ७.१०, म्हणजे सुमारे २०.१७ मीटर येते. दोन्ही भुजा प्रत्येकी सुमारे २१ ते २२ सेंटिमीटर कमी कराव्या लागतात. तार लगेच कापण्याऐवजी टोके मागे दुमडून स्वतःभोवती घट्ट गुंडाळली, तर चूक दुरुस्त करण्याची सोय राहते. सर्वांत कमी मूल्य पट्ट्याच्या मध्यावर आल्यानंतरही ते १.५ च्या वर राहिले, तर उंची किंवा भुजांमधील कोन बदलतात. ७.० ते ७.२ हा पट्टा मध्य वारंवारतेच्या ३ टक्क्यांहूनही अरुंद असल्याने नीट कापलेला डायपोल पूर्ण पट्ट्यावर समाधानकारक राहतो.

मापन व गैरसमज

एसडब्ल्यूआर मीटर पुढे जाणारी व परतणारी शक्ती मोजतो. अँटेना विश्लेषक किंवा सदिश विश्लेषक हे उपकरण रोध व रिॲक्टन्स वेगवेगळे दाखवते, त्यामुळे लांबी बदलावी की उंची, हे ठरवणे सोपे जाते. मापन शक्यतो अँटेनापाशीच करावे लागते. केबलच्या संचाकडील टोकाला केलेले मापन केबलच्या क्षयामुळे फसवे ठरू शकते. परतणारा तरंग क्षीण होऊन पोहोचतो, म्हणून गुणोत्तर असते त्यापेक्षा चांगले दिसते. १ डेसिबल क्षयाच्या केबलपलीकडे एसडब्ल्यूआर ३ असेल, तर संचापाशी तो सुमारे २.३ दिसतो. ३ डेसिबल क्षयाच्या केबलचे अँटेनाकडील टोक पूर्णपणे तुटलेले असले, तरीही संचापाशी मीटर ३ च्या आसपासच थांबतो. वर्षानुवर्षे आपोआप सुधारत जाणारा एसडब्ल्यूआर हे बहुधा केबलमध्ये पाणी शिरल्याचे लक्षण असते.

याच कारणाने कमी एसडब्ल्यूआर हा चांगल्या अँटेनाचा पुरावा मानता येत नाही. संच तपासण्यासाठी वापरला जाणारा ५० ओहमचा रोध, ज्याला डमी लोड म्हणतात, १ हे आदर्श गुणोत्तर दाखवतो आणि सर्व शक्तीचे उष्णतेत रूपांतर करतो. याउलट, उंचावर मोकळ्यावर ताणलेला व उघड्या वाहिनीने जोडलेला डायपोल वाहिनीवर मोठे गुणोत्तर दाखवत असूनही उत्तम प्रक्षेपण करू शकतो.

सुरक्षितता व देखभाल

डायपोल किंवा त्याची दोरी तुटली तरी ती वीजवाहक तारांवर पडणार नाही, इतके अंतर त्या तारांपासून राखणे अत्यावश्यक असते. प्रेषण चालू असताना डायपोलच्या टोकांशी मोठी व्होल्टता असल्याने स्पर्शाने भाजण्याचा धोका असतो, म्हणून टोके हाताच्या टप्प्याबाहेर ठेवतात. महाराष्ट्रात वळवाच्या पावसाच्या काळात विजांचा कडकडाट अधिक असतो. वादळाची चाहूल लागताच फीडलाइन संचापासून सोडवून घराबाहेर ठेवणे व केबलची जाळी भूमीला जोडण्याची सोय करणे हितावह असते.

पावसाळ्यापूर्वी जोडबिंदू, बॅलनची पेटी व कनेक्टर जलरोधक पट्टीने गुंडाळले जातात. केबल जोडबिंदूपासून खाली उतरताना तिला एक झोल देतात, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते व कनेक्टरकडे ओघळत नाही. उभारणीच्या दिवशी प्रत्येक वारंवारतेवर मिळालेली मोजमापे नोंदवून ठेवल्यास नंतर झालेला बदल तारेत आहे, केबलमध्ये आहे की कनेक्टरमध्ये आहे, याचा शोध घेणे सुलभ होते.